नाव नसलेले दगड

माणसाला मरणाचे भय वाटते, असे आपण नेहमी म्हणतो. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की मरणाहूनही त्याला अधिक भय वाटते ते विसरले जाण्याचे. मरण कोणालाच चुकवता येत नाही, हे तो फार पूर्वीच उमजून चुकला आहे. पण विस्मरणाशी त्याचे भांडण अजून चालूच आहे. या भांडणात त्याने जी जी हत्यारे वापरली त्यांत सर्वांत जुने आणि सर्वांत साधे हत्यार म्हणजे दगड. लाकूड कुजते, कापड विरते, कागदाला वाळवी लागते. दगड मात्र ऊनपाऊस सोसत उभा राहतो. म्हणून जगाच्या पाठीवर जिथे जिथे माणसे राहिली, तिथे तिथे त्यांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी दगड उभे केले.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी युरोपच्या उत्तरेकडील व्हायकिंग लोकांची माहिती सांगितली. समुद्रावरून येऊन लुटालूट करणारे दांडगे दर्यावर्दी, एवढीच त्यांची ओळख माझ्या मनात होती. परंतु हेच लोक आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करीत आणि त्यांवर ‘रून’ नावाच्या लिपीत मजकूर कोरीत, हे ऐकून मी चकित झाले. ग्रंथालयातून एक पुस्तक काढले, दुसरे काढले, आणि वाचता वाचता ध्यानात आले की मी व्हायकिंगांबद्दल वाचत असले तरी विचार आमच्या गावच्या दगडांचा करीत आहे. या लेखात त्या दोन्ही दगडांविषयी लिहायचे आहे. मी काही पुरातत्त्वाची अभ्यासक नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच मुलगी आहे. तेव्हा जाणकार वाचकांनी हे लिखाण त्याच बेताने घ्यावे.

प्रथम परक्या दगडांबद्दल. रून लिपीतील कोरलेले दगड सर्वांत जास्त आढळतात ते स्वीडनमध्ये. तिथे त्यांची संख्या सुमारे अडीच हजार आहे आणि त्यांतले हजारांहून अधिक एकट्या उपलांड या प्रांतात आहेत. त्यांतील बहुसंख्य अकराव्या शतकातले. व्हायकिंग काळात या लिपीत अवघी सोळा अक्षरे होती. अक्षरे सरळ, कोनदार रेघांची. एखाद्या सापाच्या लांब अंगावर ती ओळीने कोरलेली असतात आणि तो साप दगडावर वेटोळे घालून बसलेला असतो. आज आपल्याला ते दगड करडे दिसतात, पण मुळात त्यांवर लाल, काळा असे रंग भरलेले असत. हे दगड कुठल्या तरी आडरानात लपवलेले नसत. रस्त्याच्या कडेला, ओढ्यावरच्या पुलाजवळ, गावसभा भरे त्या जागी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरतील असेच ते उभे केले जात. वाटसरूने थांबावे, वाचता येत असेल तर वाचावे आणि मेलेल्याचे नाव घेऊन पुढे जावे, एवढीच अपेक्षा. दलदलीतून जाणारा बांध किंवा पूल मृताच्या नावाने बांधायचा आणि शेजारी दगड उभा करायचा, अशीही रीत होती. त्यामुळे त्या मुलखात चालणारा माणूस एका अर्थी मृतांच्या सोबतीनेच चालत असे.

मजकूर बहुधा ठरीव. अमक्याने आपल्या बापासाठी, भावासाठी किंवा मुलासाठी हा दगड उभा केला. पुढे मृताविषयी एखादे वाक्य. आणि शेवटी कधी आत्म्यासाठी प्रार्थना. गंमत अशी की पहिले नाव मृताचे नसून दगड उभा करणाऱ्याचे असते. डेन्मार्कमधील येलिंग येथे दहाव्या शतकात हाराल्ड राजाने आपल्या आईबापांच्या, थिरा आणि गोर्म यांच्या, स्मरणार्थ एक भला थोर दगड उभा केला. त्यातही आईबापांच्या नावापाठोपाठ स्वतःने काय काय जिंकले हे सांगायला तो विसरला नाही. या हाराल्डचे टोपणनाव ‘ब्लूटूथ’, म्हणजे निळ्या दातांचा. आपल्या मोबाइलमधील ब्लूटूथला नाव मिळाले ते याच राजाचे, आणि त्याची जी खूण आपण रोज पाहतो ती त्याच्या नावातील दोन रून अक्षरे जोडून केलेली आहे. हजार वर्षांपूर्वीची अक्षरे आपण खिशात घेऊन फिरत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो!

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातल्या जुन्या गावात गेलात तर वेशीजवळ, शिवेवर, नाहीतर भैरोबाच्या किंवा महादेवाच्या देवळाबाहेर काही उभट कोरीव दगड अर्धे मातीत पुरलेले दिसतात. कोणी त्यांना शेंदूर लावलेला असतो, कोणी चुना. हे वीरगळ. लढाईत, किंवा गावची गुरे चोरांच्या हातून सोडवताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी ते उभे केलेले असतात. शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळातले पुष्कळ आहेत, त्यानंतरचेही आहेत. वीरगळावर बहुधा तीन किंवा चार चौकटी एकावर एक कोरलेल्या असतात आणि त्या खालून वर पाहायच्या असतात. सर्वांत खाली वीर आडवा पडलेला. शेजारी गुरे असतील तर तो गोधनासाठी मेला असे समजायचे. त्यावर लढाईचा देखावा. त्यावर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. सर्वांत वर तो कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्रसूर्य. आकाशात चंद्रसूर्य असेतोवर ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. वल्ही मारणाऱ्यांच्या रांगा, लांबट जहाजे, पाण्यात पडलेली माणसे, आणि वर स्वर्गारोहण. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातील तेराव्या शतकातल्या लढाईशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. ही चित्रे आठवत असतानाच मी स्वीडनच्या गोटलांड बेटावरील चित्रशिलांबद्दल वाचले. तिथेही खाली शीड उभारलेले जहाज, आणि वर घोड्यावर बसून येणारा वीर. त्याचे स्वागत करायला हातात पेयाचे शिंग घेऊन उभी असलेली एक स्त्री. ही वीरांना त्यांच्या स्वर्गात नेणारी वाल्किरी असावी, असे विद्वान म्हणतात. कुठे कोकणचा किनारा आणि कुठे ते उत्तरेकडचे थंडगार बेट! एकाने दुसऱ्याचे पाहिले असण्याचा मुळीच संभव नाही. तरी दोन्हीकडच्या पाथरवटाला एकच प्रश्न पडला होता. मेलेला तरुण मुलगा घरच्यांना पुन्हा द्यायचा कसा? दोघांनीही सारखेच उत्तर शोधले. तो गेला खरा, पण त्याला न्यायला कोणीतरी सुंदर माणसे आली होती.

तथापि या साम्यापेक्षा एक फरक मला अधिक अस्वस्थ करतो. रूनच्या दगडावर नाव असते. आपल्या वीरगळावर बहुधा ते नसते. कर्नाटकात लेख असलेले वीरगळ पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात मात्र बहुतेक वीरगळ मुके. मराठी भाषा तोवर दगडावर आली नव्हती असे नाही. अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. उपलांडमधले दगड उभे राहत होते त्याच शतकातला. पण ते लेख दानाचे, राजांचे, अधिकाऱ्यांचे. गुरांसाठी मेलेल्या गावकऱ्याच्या वाट्याला चित्र आले, अक्षर आले नाही.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या काठी आहे. भैरवनाथाच्या देवळाजवळ सात दगड आहेत. पाच वीरगळ, दोन सतीशिळा. लहानपणी मी आजीबरोबर देवाला जायची तेव्हा ती या दगडांवरही पाणी घालायची. आजीला अक्षरओळख नव्हती. रेशनच्या कागदावर ती अंगठा उठवायची. पण वीरगळ तिला वाचता येत असे. मी सहावीत असताना तिने मला तो वाचायला शिकवला तो असा :

“खालनं वर बघायचं गं पोरी. ह्यो बघ, गुरांपायी मेला. ह्या बाया त्येला धरून वर न्येत्यात. आन् ह्यो बघ, आता म्हादेवापाशी बसलाय निवांत.”

“पण आजी, याचं नाव काय होतं?”

“नाव कुणाला ठावं? गुरांपायी मेला, येवढं ठावं.”

पुढे कॉलेजात आल्यावर वीरगळाची चौकट कशी वाचावी हे मी पुस्तकात वाचले, तेव्हा कळले की आजीने सांगितले त्यात एका शब्दाचाही फरक करावा लागणार नाही. रूनचा दगड वाचायला लिपी यावी लागते. ती लिपी वापरातून गेल्यावर तो दगड सामान्य माणसाला मुका झाला. स्वीडनमध्ये र्‍योक येथे नवव्या शतकातला एक दगड आहे. वारिन नावाच्या बापाने मेलेल्या मुलासाठी सातशेहून अधिक अक्षरे त्यावर कोरली. इतका दीर्घ मजकूर, पण त्याचा अर्थ काय यावर विद्वानांचा वाद आजही मिटलेला नाही. २०२० साली काही संशोधकांनी त्याचा पुन्हा नवा अर्थ मांडला. उलट आमचा वीरगळ निरक्षरांसाठीच केलेला असल्यामुळे निरक्षर माणसाला तो शेकडो वर्षांनंतरही सरळ वाचता येतो. मग श्रेष्ठ कोणता? ज्यात बापाने सारे काही लिहिले आणि जे आज उमगत नाही तो, की ज्यात नावही नाही पण करणी लख्ख दिसते तो?

या प्रश्नाला मी पहिल्यांदा घाईने उत्तर दिले होते : नावच श्रेष्ठ. निनावी राहणे हा अन्यायच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चुलतभाऊ आणि दोन मैत्रिणी यांच्याबरोबर मी ते सातही दगड नुसत्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुऊन काढले, त्यांची मापे घेतली, वहीत चित्रे उतरवली. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारले, मधला मोठा वीरगळ कोणाचा? एका भावकीने सांगितले, तो आमचा मूळपुरुष. दुसऱ्या भावकीनेही तेच सांगितले. ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्यावरचे आजोबा हसून म्हणाले, “गुरं राखत हुता न्हवं? मंग आमचाच.” तीन घरांचा एकच पूर्वज! प्रथम मला हसू आले. मग वाटले, यात खोटे तरी काय आहे? त्याने सोडवलेली गुरे साऱ्या गावची असतील, तर तोही साऱ्या गावचाच. दगडावर नाव असते तर तो एका घरचा झाला असता आणि बाकीच्या घरांनी त्यावर पाणी घालायचे सोडून दिले असते. आपल्या घराघरांतल्या देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी यांच्या टाकांबरोबर ढाल-तलवार घेतलेल्या वीराचाही टाक असतो. त्याचेही नाव कुणाला माहीत नसते. तरी सणासुदीला त्याला न्हाऊ घालतात, नैवेद्य दाखवतात. नाव गेले पण नाते राहिले.

नावाला दुसरीही एक बाजू असते. उपलांडात तेबी नावाच्या गावी यार्लाबांके नावाचा एक श्रीमंत माणूस अकराव्या शतकात होऊन गेला. त्याने स्वतःच्या स्मरणार्थ, स्वतः जिवंत असताना, एकाहून अधिक दगड उभे केले. मजकूर असा, की हा बांध मी बांधला आणि सारे तेबी गाव माझ्या एकट्याच्या मालकीचे आहे. हे वाचले तेव्हा मला आपल्या पुण्यातले चौकाचौकांतले फ्लेक्स आठवले. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे आणि घेणारे दोघेही हात जोडून उभे! फरक एवढाच की यार्लाबांकेने निदान बांध तरी बांधला होता. तेव्हा नाव कोरणे म्हणजे नेहमीच आठवण जपणे असते असे नव्हे. पुष्कळदा ती मालकीची पाटी असते.

परंतु एका ठिकाणी माझे मन या निनावीपणाला तयार होत नाही. आमच्या देवळाजवळच्या त्या दोन सतीशिळा. सतीशिळेवर एका खांबातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला उभा हात असतो, हातात बांगड्या असतात, वर चंद्रसूर्य. चेहरा नाही, नाव नाही, वय नाही; केवळ हात. वीराच्या वाट्याला चार चौकटी आल्या, त्याची लढाई आली, त्याचा स्वर्ग आला. तिच्या वाट्याला कोपरापासूनचा हात. बांगड्या अखंड आहेत, म्हणजे ती विधवा न होता गेली, एवढेच दगडाला सांगायचे आहे. तिला काय वाटत होते, तिला जायचे होते की तिला नेले, हे विचारायची सोय त्या दगडात नाही. पुण्यापासून जवळच थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांचे १७७२ साली निधन झाले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांचे स्मारक मुळामुठेच्या काठी आहे आणि त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे. माहीत आहे ते पेशव्यांमुळे. १८२९ साली बंगालमध्ये आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात सतीच्या चालीला कायद्याने बंदी झाली. तोवर ज्या गावोगावच्या बायका गेल्या, त्यांचा हिशेब या वर उचललेल्या हातांखेरीज कुठेच नाही.

याच सुमारास मी नॉर्वेतील एका दगडाविषयी वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. हा दगड अकराव्या शतकातला, दिन्ना नावाच्या शेतवाडीवरचा. आता तो ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. गुन्वर नावाच्या आईने आपल्या आस्त्रिद नावाच्या मुलीसाठी पूल बांधला आणि हा दगड उभा केला. मुलीविषयी ती एवढेच सांगते, की साऱ्या हादेलांड परगण्यात हिच्याइतकी हाताची कसबी मुलगी दुसरी नव्हती. बस्स. लढाई नाही, राज्य नाही, कोणाच्या मागे जळणे नाही. आस्त्रिद विणकाम करीत असेल, भरतकाम करीत असेल. तिच्या हातांना गुण होता आणि तो आईने दगडात ठेवला. हाताची आठवण त्यांनीही ठेवली, आपणही ठेवली. त्यांच्या दगडावर हात कोरलेला नाही, तरी तो काम करताना दिसतो. आपल्या दगडावर हात स्पष्ट कोरलेला आहे, आणि त्या हाताने जन्मभर काय काय केले ते मात्र दिसत नाही.

सगळ्याच व्हायकिंग बायकांना असे भाग्य लाभले असे मला म्हणायचे नाही. बहुतेक दगड पुरुषांसाठीच आहेत. पण दगड उभा करणाऱ्यांत बायका पुष्कळ दिसतात. तोला नावाच्या आईने पूर्वेच्या मोहिमेवर गेलेल्या आणि परत न आलेल्या आपल्या हाराल्ड या मुलासाठी उभा केलेला दगड ग्रिप्सहोम येथे आहे. मुलगा मेला कुठे तर दक्षिणेकडे, मुसलमानांच्या मुलखात. त्याचे प्रेत तिला दिसले नसणार. दगड हेच त्याचे घरी येणे.

परत न आलेल्यांचे दगड आपल्याकडेही आहेत, आणि ते फार जुने नाहीत. पुण्याहून नगर रस्त्याने गेले की कोरेगाव भीमाचा स्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कामी आलेल्या शिपायांची नावे त्यावर आहेत. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली महार शिपायांची नावे आहेत. स्तंभ उभारला इंग्रजांनी, आपल्या विजयासाठी. पण ज्यांची नावे गावच्या कुठल्याही दगडावर येणे त्या काळी शक्य नव्हते, त्यांची नावे तिथे आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आजही दर वर्षी त्या दिवशी तिथे लाखो माणसे जमतात. निनावी दगड साऱ्या गावचा होतो हे मी वर लिहिले. पण ज्याला गावानेच बाहेर ठेवले त्याच्यासाठी नाव कोरले जाणे हे केवढे असते, ते तिथे गेल्यावर कळते.

इंग्रजांनीच पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातल्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव नाही, करणी नाही, नुसता आकडा. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव सैनिकांचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्या युद्धात मेलेल्या तिथल्या जवानांची आठवण म्हणूनही इंग्रजांनी स्मारक उभारले. तेव्हा दगडाच्या आठवणीच्या मला तीन तऱ्हा दिसतात. एक नाव सांगते, एक करणी सांगते आणि एक मोजदाद सांगते. आपण आज जगतो आहोत त्या जगाचा ओढा तिसऱ्या तऱ्हेकडे अधिक आहे असे वाटते.

आणि यांपैकी कोणतीच तऱ्हा आपोआप टिकत नाही. दगड टिकतो, पण त्याच्याशी बोलणारे माणूस नसेल तर तो परत नुसता दगड होतो. उत्तरेकडे पुष्कळ रूनशिळा पुढे चर्चच्या भिंतींत चिणल्या गेल्या, पुलांत गेल्या, उंबऱ्याखाली गेल्या. मग सोळाशेच्या सुमारास योहान्नेस बुरेउस नावाच्या विद्वानाने गावोगाव हिंडून त्यांची नोंद करायला सुरुवात केली, आणि १६६६ साली स्वीडनच्या राजसत्तेने जुन्या स्मारकांना हात लावू नये असा हुकूम काढला. म्हणून आज ते दगड मोजता येतात. आपल्याकडेही असे हिंडणारे झाले. पुणे विद्यापीठातले डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी मराठीतले जुने कोरीव लेख गोळा केले. त्यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ विद्यापीठाने १९६३ साली काढला. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर रानोमाळ फिरले आणि कर्नाटकातले एस. सेट्टर यांच्यासह त्यांनी स्मारकशिळांवरचा एक मोठा ग्रंथ १९८२ साली संपादित केला. एवढे असूनही वीरगळांची संख्या इतकी आहे, आणि ते इतके विखुरलेले आहेत, की गावाने सांभाळले तरच ते राहणार.

गाव काय करते? आमच्या गावी देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सातांपैकी एक वीरगळ नव्या मंडपाच्या पायरीत आडवा घातला गेला आणि दुसऱ्याला निळा ऑइलपेंट लागला. कोणी दुष्टपणाने केले नाही. दगड चांगला, सपाट होता, पायरीला हवा होता, इतकेच. आम्ही ग्रामसभेत अर्ज दिला आहे. पायरीतला दगड काढून देवळाच्या भिंतीशी उभा करावा, एवढीच मागणी. अर्ज मी लिहिला. आमच्या घरातून ग्रामसभेला गेलेला हा पहिला लेखी अर्ज, असे वडील म्हणाले. निर्णय अजून व्हायचा आहे.

राहिली सामान्य माणसे. जी लढाईत मरत नाहीत, सती जात नाहीत, अंथरुणावर मरतात. त्यांचाही एक दगड असतो. चितेपाशी मडके फोडतात तो लहानसा खडा, जीवखडा. दहा दिवस तो म्हणजेच मेलेले माणूस. त्याच्यापुढे पिंड ठेवायचे, कावळ्याची वाट पाहायची, आणि मग तो नदीत सोडून द्यायचा. गेल्या साली माझी आजी गेली. तिचा जीवखडा कऱ्हेत सोडला तेव्हा मला वाटले, आपली रीत शहाणपणाची आहे. सगळ्यांचेच दगड ठेवले तर जिवंतांना चालायला जागा उरणार नाही. तरी त्या दिवशी आजीचे म्हणून घरात काय राहिले? आधार कार्डावरचा फोटो, त्यावरचा बारा आकडी क्रमांक, आणि १ जानेवारी ही जन्मतारीख, जी तिची नव्हे. तारीख माहीत नसणाऱ्या सगळ्यांचीच असते ती. म्हणजे आजीच्या वाट्याला आले ते त्या संगमरवरी पाटीसारखेच, आकडा.

आणि तिच्या गोधड्या. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांत आजीच्या हातची गोधडी आहे. टाके इतके बारीक आणि सरळ, की पाहुण्या बायका उलटीकडून पाहून खात्री करून घेत.

वर्षश्राद्धाला आमच्याकडे आप्तेष्टांना स्टीलची वाटी देतात आणि तिच्यावर नाव घालतात. विचार केला तर हीच आपली आजची रूनशिळा. कै. अमक्यांच्या स्मरणार्थ, तमक्यांकडून. तोच ठरीव मजकूर, तशीच दोन नावे. रविवार पेठेतल्या दुकानात वाट्या घ्यायला वडिलांबरोबर मी गेले होते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली. घरात शिकलेली मी, तेव्हा चिठ्ठी लिहायची मी. रीतीप्रमाणे आधी आजोबांचे नाव, मग ‘यांच्या पत्नी’, मग आजीचे. मी आजीचे नाव आधी लिहिले. मग हादेलांडमधल्या त्या आईची आठवण झाली आणि खाली आणखी एक ओळ लिहून चिठ्ठी वडिलांच्या हातात दिली. वडील चौथीपर्यंत शिकलेले आहेत, सावकाश वाचतात. त्यांनी दोनदा वाचली. “येवढं कशाला? अक्षरं वाढत्यात,” असे म्हणाले, आणि मग चिठ्ठी दुकानदाराकडे सरकवली.

त्या छोट्या यंत्राच्या टकटकीत ती ओळ वाटीवर उमटत गेली. आजीचे नाव मी इथे देत नाही, ते तिच्या माणसांकडे आहे. खालची ओळ मात्र सांगते : “गोधडी शिवावी तर हिनेच.”